टांगत्या खाटेत बाबा

टौरंगाच्या बंदरात जुन्या शिडाच्या युद्धनौकेची प्रतिकृती पाहायला ठेवली होती. बाबा पुण्याहून आम्हा भावंडांकडे परदेशी आले होते आणि मनुरेवा उपनगरात दादाच्या घरी, गराजमध्ये झोपत होते, कारण गेस्ट रूममध्ये वहिनीची ट्रेडमिल होती. शाळेत इतिहास शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. म्हणून मीच म्हटलं, त्यांना जहाज दाखवू या.

खालच्या मजल्यावर गाइड बाईंनी अधिकाऱ्यांच्या खोल्या दाखवल्या. खोल्या कसल्या, कापडी आडोसेच, त्यात तोफही बसवलेली. खलाशी झोळीत झोपायचे. अधिकाऱ्याला मात्र छताला टांगलेली लाकडी खाट मिळायची, कडा पेटीसारख्या उंच.

"ही ज्याच्या त्याच्या मापाची करायचे," बाई म्हणाल्या. "अधिकारी मेला की यातच घालून समुद्रात सोडायचे. कुणाला झोपून बघायचंय?"

"माझे वडील!" दादानं बाबांचा दंड धरला.

"अरे नको. हल्ली तोल जातो माझा."

"काही होत नाही बाबा. एन्जॉय करा."

त्यानं त्यांना जवळजवळ उचलूनच आत घातलं. बाबा छताकडे बघत ताठ पडून राहिले. मग दादा मराठीत म्हणाला, "बघा, एकदम मापात! आता नवीन करायला नको."

तो हसला म्हणून भोवतीचे गोरे टूरिस्टही हसले. बाबांना सगळं कळलं होतं. ते घाईघाईनं उठायला गेले, खाट कलंडली आणि ते गुडघ्यांवर आदळले. चष्मा तोफेखाली घरंगळला. मी त्यांना सावरलं. दादा मोबाइलवर शूट करत होता.

"दादा, बंद कर ते!"

"चिल ना! जोक होता."

संध्याकाळी तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर आला. काका, आत्या, सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले. बाबांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि ते दादाला म्हणाले, "मला परतीचं लवकरचं तिकीट काढून दे."

"स्वीट अ‍ॅज, काढतो की," दादा म्हणाला. का, हे त्यानं विचारलं नाही.

एअरपोर्टवर बाबांचा गुडघा अजून सुजलेलाच होता. निघायची वेळ झाली तसा दादा नमस्कार करायला वाकला. बाबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. दादा क्षणभर तसाच वाकलेला.

बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "वेळेवर जेवत जा गं."