आधी अक्षर, मग रेघ

निवृत्त झाल्यावर मी विश्रामबागेतल्या एका चिनी भाषेच्या वर्गाला जाऊ लागले. तिथं अक्षराची प्रत्येक रेघ ठरलेल्या क्रमानंच काढावी लागते. क्रम चुकला की मोबाइलवरचं सरावाचं ॲप लाल फुली दाखवतं. माझं अक्षर दिसायला अगदी हुबेहूब असायचं, तरी फुली यायचीच. दोन आठवडे मी त्या मोबाइलवर खेकसत होते. वय झालं, आता डोकं चालत नाही, अशी धास्ती मनात बसली होती आणि मी ती वर्गात बोलूनही दाखवायचे.

वर्गाला शिकवणारी मुलगी माझीच विद्यार्थिनी. माणमधल्या शाळेत पहिलीला माझ्याकडं होती. एके दिवशी ती मागं उभी राहून माझा हात बघू लागली. मी 'आकाश' या अर्थाचं चिनी अक्षर लिहीत होते. खालचं सगळं काढून झाल्यावर मी वरची आडवी रेघ ओढली. खरं तर ती सगळ्यात आधी काढायची असते.

ती खळखळून हसली आणि गावाकडच्या बोलीत म्हणाली, "आवं बाई, डोकं लय चांगलं हाय तुमचं. तुमी ह्याला शिरोरेघ देताय! आधी अक्षर, मग रेघ. रेघ आधी मारली म्हणून माझी पाटी तीनदा पुसायला लावली हुती तुमी."

मला एकदम हलकं वाटलं.

मग तिनं 'स्त्री' या अर्थाचं अक्षर दाखवलं. त्यात आडवी रेघ शेवटीच येते. मी ते एका दमात काढलं आणि हिरवी खूण उमटली.

"आता कसं!" मी मोबाइलला सुनावलं.