दोन पिवळ्या पट्ट्यांमधली तूरान

माझी नणंद तूरान कधीच आजारी नव्हती. म्हणजे तिला विचाराल तर. "कशी आहेस?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तुमच्या सावलीत बरी आहे." आता इस्फहानात हे सगळेच म्हणतात, मीही म्हणते, दारात आलेल्या माणसाला कुणी आपली पोटदुखी सांगत बसत नाही. पण आम्ही बाकीचे दार लावून घेतल्यावर कण्हतो तरी. तूरान दार लावल्यावरही बरीच असायची, आणि याचा मला भयंकर राग यायचा.

तळमजल्यावरच्या खोलीत ती शिवणाचे वर्ग घ्यायची. अर्ध्या गल्लीतल्या मुली तिच्या हाताखाली कात्री धरायला शिकल्या. स्वतः लग्न केलं नाही. माझ्या नवऱ्याने, म्हणजे तिच्या भावाने, विषय काढला की म्हणायची, "दादा, एवढ्या नवऱ्या सजवल्या मी, पण वर्षभराने हसत माप द्यायला आलेली एक दाखव." जीभ अशी, आणि हात असा की रेशीमसुद्धा तिच्यासमोर निमूट कापून घ्यायचं.

आधी तिला सुईची दोन नेढी दिसायला लागली. ती म्हणाली, चष्मा बदलायला हवा. मग उजव्या बुटाचं टोक झिजायला लागलं. टाच नव्हे, टोक, आणि तेही एकाच पायाचं. ती चांभारावर घसरली, "उस्ता, कातडं लावता की पुठ्ठा?" त्याने मुलाबाळांच्या शपथा घेतल्या, फुकटात नवं टोक बसवून दिलं. तेही गेलं. मी जिन्यावरून तिच्या मागून उतरत होते तेव्हा पाहिलं, तो पाय उचललाच जात नव्हता. फरशीवरून फरफटत येत होता.

डॉक्टरांनी सांगितलं, एमएस. मल्टिपल स्क्लेरोसिस. डोक्यातून निघालेला हुकूम पायापर्यंत पोचायच्या आतच वाटेत विरतो. आमच्या शहरात हे दुखणं नवं नाही, ओळखीत कुणा ना कुणाला असतंच. तरी तूरानने मुलींना सांगितलं, पाय मुरगळलाय. वर्षानुवर्षं मुरगळलेला पाय कुणी पाहिलाय का? पण मुली गुणी, मान डोलवायच्या.

सगळं तिने पचवलं, एक नान सोडून. कोपऱ्यावरच्या भट्टीतून तापल्या खड्यांवर भाजलेला संगक नान रोज सकाळी स्वतः आणायचा, हे तिचं व्रत. रांगेत उभं राहायचं, करपला असेल तर भट्टीवाल्याला चार शब्द सुनवायचे, नानाला चिकटलेले खडे टकाटक झाडायचे, आणि हातावर पसरून घरी यायचं. आता नान मी आणायची. ती आमच्या रीतीने आभार मानायची, "तुझे हात कधी दुखू नयेत," आणि खाली बघत तुकडा मोडायची. दुसऱ्याने आणलेला नान तिच्या घशाखाली उतरत नव्हता, हे मला दिसत होतं.

अशात डॉक्टरांनी एका गोळीचं नाव काढलं. आजार बरा होत नाही, पण काहींची चाल सुधारते. अट एकच. आधी चालून दाखवायचं, पंधरवडाभर गोळ्या घ्यायच्या, पुन्हा चालून दाखवायचं. वेग वाढला तर विमा पुढच्या गोळ्या देणार, नाहीतर बंद. बाहेरून विकत घेणं आमच्या ऐपतीतलं नव्हतं.

पहिल्या तपासणीच्या आधी तूरान दोन दिवस पडून राहिली. मुलगी बघायला पाहुणे यायचे असावेत तसे नवे बूट काढले, डोक्याच्या रुमालाला इस्त्री केली. दवाखान्यातल्या बोळात फरशीवर दोन पिवळ्या पट्ट्या चिकटवलेल्या. एकीपासून दुसरीपर्यंत जितक्या जोरात जमेल तितक्या जोरात, पण सांभाळून चालायचं. शकीबा नावाची तरुण बाई घड्याळ लावून वेळ मोजायची. दोन्ही बाजूंना खुर्च्या, आणि त्यातल्या एकीवर बसलेल्या मोहतरम खानम! त्यांच्या दोन्ही मुलींचे लग्नाचे कपडे तूराननेच शिवलेले. शेजारी त्यांचा मुलगा, आणि मुलाची काठी खानमच्या अंगभर पांघरलेल्या चादोरीखाली दडवलेली.

"अय्या, तूरान खानम! डोळे उजळले आमचे. तुम्ही इकडे कुठे?"

"इफ्फतची कंबर धरलीय," तूरान म्हणाली. "तिला घेऊन आले. आणि तुम्ही?"

"याला जरा थकवा. तरुण पोरं काही खातच नाहीत हो!"

माझी कंबर ठणठणीत होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शकीबाने हाक मारली, "तूरान खानम, या. चालून दाखवा."

आणि तूरान चालली. भिंतीला बोटही न लावता, मान ताठ ठेवून, मोहतरम खानमसमोरून अशी गेली की त्या म्हणाल्या, "माशाअल्ला!" शकीबाने विचारलं, "रोज असंच चालता?"

"तुमच्या सावलीत."

बाहेर आल्यावर टॅक्सीवाल्याने आणि मी तिला उचलून गाडीत घातलं. दुसऱ्या दिवशीही ती अंथरुणातून उठली नाही. मी म्हटलं, "मोहतरमकडून बक्षीस मिळालं का?" तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

गोळ्या सुरू झाल्या आणि आठवड्याभरात एका सकाळी दारावर थाप पडली. दारात तूरान, हातावर वाफाळता नान. घामाने डबडबलेली, हसत होती. "घे. भट्टीवाला म्हणाला, खानम, तुम्ही नव्हता तर शिव्या द्यायला कुणी नव्हतं." मी तिथेच दारात रडले. मग ती रोज गेली. नान आम्हाला नकोसा होईपर्यंत आणला.

पंधरवडा संपला. दुसऱ्या तपासणीत ती सहज चालली, कुणाला दाखवायला नव्हे. शकीबाने घड्याळ पाहिलं, जुनी नोंद पाहिली आणि ओठ चावला. "फरक नाही, खानम. जवळजवळ तितकाच वेळ."

मग मात्र माझा तोल गेला. "पहिल्या वेळी ही चाललीच नव्हती! दोन दिवस झोपून, जीव तोडून मोहतरमला दाखवत होती! घरी ही भिंत धरून न्हाणीघरात जाते, कळलं?" बोळातली सगळी माणसं बघायला लागली. तूरान पांढरी पडली. शकीबाने मात्र शांतपणे ऐकून घेतलं. गोळ्या थांबवून नव्याने मोजणी करता येईल, म्हणाली. पण आता वेळ थेट शरद ऋतूत. "आणि खानम, भिंत लागली तर भिंत धरायची. इथे कुणी पाहुणे नाहीत."

मध्ये आख्खा उन्हाळा होता. एमएसच्या माणसाला इस्फहानचा उन्हाळा म्हणजे दुसरा आजार. तूरान खोलीत पंख्यापुढे ओलं फडकं मानेवर घेऊन बसायची. मुली मशीनवर बसायच्या, ती बसल्या जागेवरून ओरडायची. नान पुन्हा मी आणू लागले. या वेळी ती "तुझे हात दुखू नयेत" म्हणाली नाही, आणि मी त्याचा अर्थ लावला नाही.

तपासणीच्या दिवशी मी तिला घ्यायला खाली गेले, तर पुन्हा तेच नवे बूट, पुन्हा रुमालाला इस्त्री. मी कपाळावर हात मारला.

"तूरान-जान, तुझ्या पाया पडते. अब्रू आज घरी ठेव. पाय ओढ, भिंत धर, दम लागल्यासारखं कर. तुझ्या नानाचा प्रश्न आहे गं."

ती रुमालाची गाठ सारखी करत राहिली.

बोळ भरलेला होता. मोहतरम खानम होत्या. या वेळी मुलाची काठी उघड त्याच्या हातात होती. शकीबा म्हणाली, "चला." तूरान निघाली. दोन पावलांत उजवा पाय फरशीला घासला. हात भिंतीकडे गेला, चाचपडला, टेकला. मधेच थांबली. पुन्हा निघाली, गुडघा मागे ढकलत. मोहतरम खानमनी मान वळवली. माझ्या मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. अखेर बाईने ऐकलं! या वेळी गोळ्या मिळणार, हे समजायला मला घड्याळ लागत नव्हतं.

दुसऱ्या पट्टीशी मी तिला धरलं आणि कानात म्हटलं, "शाबास! काय वठवलंस! मलासुद्धा खरं वाटलं."

तिचा श्वास लागला होता. तिने माझ्या दंडाला घट्ट धरलं.

"इफ्फत," ती म्हणाली, "मी धावत होते गं."

नव्या बुटाचं टोक पांढरं पडलं होतं. शकीबा घड्याळ हातात घेऊन जवळ आली आणि सवयीने म्हणाली, "कशा आहात, तूरान खानम?"

तूरान बोलली नाही. शेवटी मीच म्हटलं, "तुमच्या सावलीत बरी आहे."