प्रवाळासाठी बर्फ

टाकीच्या पाण्यात मिसळायला समुद्री मिठाची पिशवी फोडली की कुकटपल्लीच्या फ्लॅटमधली एक मे महिन्यातली दुपार आठवते. परदेशी पंप आणि दिवे तेव्हा नुकते बाजारात मिळू लागले होते. वर्षभर जमवून मी जिवंत प्रवाळाची सहा फुटी काचेची टाकी उभी केली होती. त्या दुपारी वीज गेली. पंप थांबले, पाणी तापू लागलं, प्रवाळ मिटत चाललं. "याही वेळी मेलं तर टाकी विकायची," बायकोनं आधीच बजावलं होतं. पाण्यात हवा मिसळावी म्हणून मी भांड्यानं पाणी उंचावरून ओतत राहिलो. शेजारचे चाचा रसवंतीतून बर्फाची लादी घेऊन आले आणि थेट टाकीत सोडायला निघाले. "चाचा, नको! गोड्या पाण्यानं खारटपणा उतरेल." "क्या जी, समंदर के भी इत्ते नखरे रहते?" बायकोला हसू आलं. दुधाच्या पिशव्या ती धुऊन वाळवून ठेवायची. त्यांत तिनं फोडलेला बर्फ भरला, तोंडाला रबर लावले आणि त्या पाण्यात सोडल्या. "द्या ते भांडं, तुमचा हात भरून आलाय." थर्मामीटर आम्ही अठ्ठावीसच्या वर जाऊ दिला नाही. दिवेलागणीला वीज आली आणि प्रवाळ हळूहळू उमललं. बर्फाचे चाळीस रुपये बायकोनं स्वतःच्या पर्समधून चाचांना दिले, आणि उद्याचीही लादी सांगून ठेवली.