झडतीवाली जनाबाई

कापसाच्या जिनाला आग लागली तेव्हाही जनाबाईनं कारखान्याच्या फाटकात माझी झडती घेतली. मागं शेडचं छप्पर पेटलेलं, बाया किंचाळत पळत होत्या. माझ्या कडेवर चार महिन्यांची मुलगी गोधडीत गुंडाळलेली. आणि ही बाई फाटकात आडवी उभी.

"थांब व शांते. पोरगी इकडं दे."

"सोडा मले! जळून मरू काय इथंच?"

"मर मंग. पहिले पोरगी दे."

आणि तिनं मुलगी माझ्या हातातून हिसकून घेतली.

हे खामगावातलं. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. खामगाव म्हणजे कापूस. माझे सासरे सांगत, जलंबवरून रेल्वेचा फाटा आणला तो कापसासाठी, माणसं त्यात नंतर बसायला लागली. हंगामात बैलगाड्यांची रांग गावाबाहेर जाई. आणि गावात जेवढा कापूस, तेवढाच संशय. शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या काट्याचा संशय. व्यापाऱ्याला शेतकऱ्याच्या गाडीचा, की वरून पाणी मारलं असेल, खाली दगड घातला असेल. दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवत, कारण तोंडानं बोललं तर तिसरा ऐकेल. आणि जिनाच्या मालकाला आम्हा बायांचा संशय. म्हणून फाटकात जनाबाई ठेवलेली.

ती वडनेर भोलजी गावची. नवरा गेल्यावर खामगावात आली. काही वर्षं तिनं रेच्यावर काम केलं. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचं यंत्र. मग मालकानं तिला फाटकात बसवलं. ठेंगणी, रुंद पंजाची बाई. सकाळी आत जाताना काडीपेटी शोधायची, संध्याकाळी बाहेर येताना रुई. भाकरी थापावी तसा तिचा हात भरभर फिरे. कंबर, ओटी, चोळी, अंबाडा, काही सुटत नसे. तिची सख्खी बहीण आमच्यातच कामाला होती. तिला ती दोनदा तपासायची. बहीण एकदा चिडली तर जनाबाई म्हणाली, "माही बहीन हायेस म्हनूनच दोनदा. तुहे गुन मले ठाऊक हायेत."

कुणी हसून बोलायला गेलं तरी ती तोंडाकडे पाहत नसे. म्हणायची, "तोंड खोटं बोलते, ओटी खोटं नाई बोलत." तिच्याशी कुणाची मैत्री नव्हती. आम्ही तिला शिव्या द्यायचो, त्या तिला ऐकू जात, आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

आता माझं सांगते. मी चोरी करत होते. मुलीच्या गोधडीची एका बाजूची शिवण उसवून तिच्यात रोज दोन मुठी रुई भरायची. मला मुलीसाठी गादी करायची होती. साऱ्या मुलखाची रुई गाठी बांधून मुंबईला जाते आणि माझी पोरगी चिंध्यांवर झोपते, हे मला पटत नव्हतं. पण चोरी ती चोरीच. जनाबाई तान्ह्या पोराला हात लावत नसे, हे मी पाहून ठेवलं होतं.

त्या दुपारी मी कापसाच्या गंजीमागं बसून मुलीला पाजत होते. पहिल्या रेच्याकडून आरडाओरडा झाला आणि बघता बघता रुई पेटली. मी मुलीला उचललं आणि पळाले. फाटकात जनाबाई प्रत्येक बाईचा पदर झटकून मगच तिला बाहेर सोडत होती. साऱ्यांच्या अंगावर रुईचे तुसे, एक ठिणगी पुरे. मला मात्र तिनं अडवलं. मुलगी काखेत धरली, गोधडीची शिवण टरकावली आणि आत हात घातला. धूर निघाला. उसवलेल्या शिवणीतून ठिणगी शिरून माझी चोरलेली रुई आत धुमसत होती. ज्वाळा नव्हती, म्हणून मला कळलं नव्हतं. तिनं ती निखाऱ्यासारखी रुई मुठीनं ओढून काढली, गोधडी आत फेकली आणि उघडी मुलगी माझ्या हातात दिली.

"घे. चाल, हो बाहीर."

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. मॅनेजर फौजदाराला म्हणाला, गंजीमागं ही एकटी होती, काडी हिनंच ओढली. बाकीच्या बाया खाली पाहत होत्या. मी तुरुंगात गेले तर अंगावरच्या मुलीचं काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. फौजदारानं जनाबाईला विचारलं. तिच्या उजव्या हाताला तेलाची चिंधी गुंडाळलेली. मला वाटलं, संपलं. ही बाई मला सोडणार नाही.

"काडी नवती," ती म्हणाली. "सकाळी मी तपासली हिले."

मॅनेजर म्हणाला, "जनाबाई, तू हिची बाजू घेऊन राह्यली काय?"

"बाजू कायची, साहेब? चोर हायेच थे. गोधडीत रुई भरून राह्यली होती, चार दिवसांपासून. पन काडी नवती. पहिला रेचा खोलून पाहा."

रेचा उघडला. पात्याची धार तुटलेली आणि खाली मुठीएवढा दगड अडकलेला. वजन वाढवायला कुणीतरी कापसात घातलेला. त्यानंच ठिणगी पडली होती.

जनाबाई म्हणाली, "बायाईची झडती रोज झाली, साहेब. गाड्याईची कोनं घेतली?"

फौजदारानं मला सोडलं. मॅनेजरनं चोरीसाठी मला त्याच दिवशी काढलं आणि त्या एका वाक्यासाठी जनाबाईलाही.

महिन्याभरानं मी तिच्या घरी गेले. चहासुद्धा विचारला नाही तिनं. मी विचारलं, "चार दिवस माहीत होतं, तर धरलं काऊन नाई?" मला वाटलं, ती म्हणेल, दया आली.

"माहीत कायचं नसन? पोरगी येतानी बारीक, जातानी फुगलेली. दिवसभर दूध पेऊन इतकी फुगते काय व? अर्धी गोधडी धरली असती तर तू म्हटलं असतं, जुना कापूस हाय. पुरी भरू देत होतो. शनिवारी धरनार होतो तुले."

आग शुक्रवारी लागली होती.

त्या दुपारी शेडमध्ये आम्ही अकरा बाया होतो. पहिल्या रेच्यावरची चंद्रभागा बाहेर आलीच नाही. जनाबाईची बोटं कायमची आखडली. बाई पुढं सोळा वर्षं जगली. आम्ही दहा जणी वाचलो, आणि माझी मुलगी वाचली.