छातीवरचं नाव

नव्या जर्सीचा वास आला की रोह्याच्या खाडीकाठचं ते मैदान आठवतं. आमच्या कबड्डी संघाच्या छातीवर ग्रामदेवीचं नाव असायचं. सामन्याआधी मासळी विकणारी माझी आत्या त्या नावाला कुंकू लावायची. त्या वर्षी जर्सी एका कंपनीनं दिल्या. तिच्याच सांडपाण्यानं खाडीतली मासळी मेली, असं आत्या म्हणायची. कुंकवाचं बोट माझ्या छातीवरच्या कंपनीच्या नावापाशी येऊन थांबलं. “देवी कुठं गेली रं?” “कंपनीनं फुकट दिल्या, आत्या.” तिनं बोट पदराला पुसलं. “खेळ मंग. माझी पाटी रिकामी, पन तुझ्या अंगावर नवा कपडा हाय.” चढाईला गेलो आणि ‘कबड्डी कबड्डी’ म्हणताना मधेच दम सुटला. मी थकलो, असं सगळ्यांना वाटलं. अजूनही मी त्यांना तसंच वाटू देतो.