कानांचं खोगीर

जव्हारच्या पेठेत अन्वर खोगीरवाल्याची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. जे जनावराच्या अंगावर चढणार, ते तो आधी स्वतःच्या अंगावर चढवायचा. नवं खोगीर पाठीला बांधून दुपारभर ओणवा बसायचा, लगामाचा पट्टा गालाला आवळून गिऱ्हाइकांशी बोलायचा. पोरं हसायची. हसोत बापडी! "घोडा बोलत नाही," अन्वर म्हणायचा, "मग कुठं टोचतं ते कोण सांगणार?" लोक निकामी मालाला खोगीरभरती म्हणतात, ज्यांनी जन्मात खोगीर भरलं नाही त्यांनीच हा शब्द काढला असणार. अन्वरच्या भरतीखाली संस्थानच्या एकाही घोड्याची पाठ सोलली नव्हती.

म्हणूनच त्या चैत्रात कचेरीतले टिपणीस त्याच्या दुकानाची पायरी चढले. त्यांचे दोन्ही कान लालबुंद सुजले होते. दरबारानं नवा रेडिओ घेतला होता आणि मुंबईच्या बातम्या ऐकून टिपून घ्यायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. आवाज इतका बारीक यायचा, की रोज चार-चार तास कानांवर हेडफोन चढवून बसावं लागे.

"अन्वरमियाँ, मुंबईच्या दुकानदारानं पसंतीला दोन पाठवलेत," त्यांनी दोन्ही जोड फळीवर ठेवले. "एक ठेवायचा, एक परत. मला तर हा हलकाच बरा वाटतो."

अन्वरनं दोन्ही उचलून पाहिले, वाकवले, सांधे नखानं दाबले. "हलक्याला भुलू नका, साहेब. अंगात वजन नाही, म्हणून हा डोकं चिमटून धरतो. तो चिमटाच तुमचे कान खातोय. पट्टी पातळ आहे, वर्षभरात सांध्याशी मोडेल. जड ठेवा. वजन सगळ्या डोक्यावर पसरलं की जाणवत नाही. याचे स्क्रू निघतात, तार झिजली तर बदलता येते. कानाशी मऊ गादी तेवढी हवी. ती मी करतो. आठ दिवस द्या."

टिपणीस हलका जोड घेऊन कान चोळत गेले. अन्वरनं त्याच दिवशी बनातीच्या लोकरी कापडाच्या दोन गोल गाद्या शिवल्या, जड हेडफोनला लावल्या आणि आपल्या रीतीप्रमाणे तो कानांवर चढवून कामाला बसला. टिपणीस चार तास घालणार, तर आपणही चार तास घालायचा. तार कशालाच जोडलेली नव्हती, नुसती छातीवर लोंबत होती. कान बंद झाले की आत जी घूं घूं ऐकू येते ती त्याला येत होती. ते आपलंच रक्त, हे त्याला कळत होतं.

बनात कानाला खाजली. दुसऱ्या दिवशी त्यानं बकऱ्याचं मऊ कातडं लावलं. कान अधिक घट्ट बंद झाले, आणि घूं घूंच्या आत त्याला श्वास ऐकू आला. लहान, अडकत अडकत घेतलेला. हातातली आरी तशीच राहिली. तो श्वास त्याच्या ओळखीचा होता.

जहिदा त्याची एकुलती एक लेक. सहा वर्षांची होती तेव्हा डांग्या खोकल्यानं गेली, त्याला तीन वर्षं झाली होती. दसऱ्याच्या मिरवणुकीचं खोगीर दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं आणि अन्वर दुकानात बसून शिवत होता. आतून जहिदानं हाक मारली, "अब्बा." तो म्हणाला, "एवढा टाका मारून आलो, बेटा." पुन्हा हाक आली. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. तिसरी हाक आली नाही, म्हणून त्याला वाटलं, पोरगी झोपली. त्या खोगिरावर पुढे बक्षीस मिळालं. अन्वरनं ते घेतलंही, आणि त्याबद्दल त्यानं स्वतःला कधी माफ केलं नाही.

जवळच्या जामसर गावची चैती दर वर्षी काटेसावरीचा कापूस टोपलीभर घेऊन येई. त्या कापसाइतकं मऊ काहीच नसतं. अन्वरनं तो कातड्यात भरला. गादी अशी बसली की बाहेरची सगळी पेठ विझली. आणि आतून स्पष्ट ऐकू आलं, "अब्बा."

आता गादीत काही उणं नव्हतं. तरी अन्वरनं ती उसवली, पुन्हा भरली, पुन्हा उसवली. आठाचे पंधरा दिवस झाले. कचेरीचा शिपाई दोनदा येऊन हात हलवत गेला. चार तासांचे सहा झाले, मग दिवसभर. जेवायचं ताट निवायचं. त्याला भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची: हेडफोन टिपणिसांना दिला की लेक दुसऱ्यांदा जाणार.

उरलेला कापूस घेऊन चैती पुन्हा आली, ती दुकानाच्या दारातच थबकली. अन्वर पाठमोरा बसून बोलत होता. "आलो बेटा. हा बघ आलो." आणि मागे आतल्या दारात त्याची बायको मैमुना उभी राहून हाका मारत होती. "अजी, ऐकता का? अजी!" तीनदा हाक मारली. त्याची मान वळली नाही.

चैतीनं टोपली खाली ठेवली आणि सरळ जाऊन हेडफोन त्याच्या कानांवरून ओढून काढला.

"कोनाशी बोलतंस, अन्वरभाय?"

तो चिडला, मग रडला, मग त्यानं सगळं सांगितलं. मैमुना दाराशीच होती, तिनंही ऐकलं. चैती हसली नाही. मेलेलं माणूस बोलतं, यात तिला नवल वाटलं नाही. तिची तक्रार वेगळीच होती.

"आमच्याकडं मेलेला मानूस अंगनात बोलतो. भगत बसतो, त्याच्या तोंडून बोलतो, सगल्यांपुढं. मंग सगला गाव इचारतो, काय पायजे तुला? एकट्याच्या कानात बोलाया लागला तर आमी नाय बोलू देत. घरातली बाकीची मानसं उपाशी राहतात." तिनं हेडफोन मैमुनाच्या हातात दिला. "तू पन तिची आई. तू आयक."

मैमुनानं तो दोन्ही हातांनी कानांवर धरला. बराच वेळ तशी उभी राहिली. अन्वर तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. मग तिनं हेडफोन काढून फळीवर ठेवला.

"यात काहीच नाही," ती म्हणाली. "मला ती कान उघडे असताना ऐकू येते. रोज, दिवेलागणीला. तिच्या कोपऱ्यातून खोकते. तीन वर्षं झाली. एकटीला ऐकवत नाही, म्हणून मी तुम्हाला हाका मारते. तुम्ही म्हणता, एवढा टाका मारून आलो."

चैती आपली टोपली उचलून हळूच निघून गेली.

संध्याकाळच्या आत अन्वरनं आरी घेतली आणि दोन्ही गाद्यांच्या कडेला बारीक बारीक भोकं पाडली. खोगिराच्या मधोमध हवेला वाट ठेवतात, तशी. घाम राहणार नाही, कान कोंडणार नाहीत. खरं तर हे त्याला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. हेडफोन पुन्हा चढवून न बघताच त्यानं तो कचेरीत पोचता केला. स्वतःच्या अंगावर न तपासता दुकानाबाहेर गेलेला तेवढा एकच माल.

टिपणिसांनी तो पुढे कित्येक वर्षं वापरला. तारा दोनदा बदलल्या, गाद्या त्याच राहिल्या. "कानावर काही आहे असं वाटतच नाही," ते सांगायचे. "आत दुसरा कसलाही आवाज नाही. फक्त मुंबई."

पण त्या संध्याकाळी कचेरीतून परतून अन्वर एका लगामाला टाका घालत बसला होता. दिवे लागले. आतून मैमुनानं हाक मारली, एकदाच, हलक्या आवाजात. "अजी."

सुई कातड्यात अर्धी शिरली होती. ती तशीच सोडून तो उठला आणि आत गेला. मैमुना कोपऱ्याकडे बघत बसली होती. तो तिच्याजवळ खाली बसला. थोड्या वेळानं खोकला ऐकू आला, आणि या वेळी तो दोघांनी ऐकला.