नटावरचं कुंकू

आमचा ट्रक गिऱ्हाईक आलं की बंद पडायचा, एरवी नाही, हे घरात सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं. मी जात्याच संशयी. माहेरी दुधात बोट बुडवून पाहिल्याशिवाय मी गवळ्याला उंबऱ्यावरून हलू देत नसे.

दुष्काळाची सालं होती. घोडेगावच्या अलीकडं आमची वस्ती, आणि विहिरीचा खडक उघडा पडलेला. जुना ट्रक विकायचा आणि विहीर खोल करायची, असं माझ्या नवऱ्यानं ठरवलं होतं. रस्त्याच्या कामांवर खडी वाहून वाहून ट्रकचा पार खुळखुळा झाला होता, तरी रोज सकाळी निमूट सुरू व्हायचा. मात्र दोनदा गिऱ्हाईक आलं आणि दोन्ही वेळा इंजिनानं आचके देऊन मान टाकली. डिझेलच्या नळीत हवा शिरली, एवढंच दरवेळी निघायचं.

हवा काही आपल्या पायानं शिरत नाही. नळीचा नट कुणीतरी सैल करत होतं. ट्रक गेला तर ड्रायव्हरचं काम जाणार, म्हणून ह्यांचा संशय त्याच्यावर. माझाही त्याच्यावरच होता, पण मला पुरावा हवा होता.

बॉनेटला रोज हळदकुंकू लावायचं काम माझं, त्यामुळे ट्रकपाशी मी दिसले तर कुणाला वावगं वाटत नसे. सोनईचं गिऱ्हाईक यायचं होतं, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी गोडेतेलात कुंकू कालवलं आणि त्या नटाला जाडसर फासून ठेवलं.

सकाळी ट्रकनं पुन्हा मान टाकली. गिऱ्हाईक हसायला लागलं. ह्यांचा तोल गेला.

"पाना तुमच्याच हातात असतो. उद्यापासून येऊ नका," हे ड्रायव्हरला म्हणाले.

"लेकराची शप्पत, म्या हात न्हाई लावला," तो म्हणाला. कुणी ऐकेना, तेव्हा त्यानं केबिनमधली आपली घोंगडी काढून खांद्यावर टाकली.

मी कुंकू लावायच्या निमित्तानं पुढं झाले. नटावरचं कुंकू पुसलं गेलं होतं. ड्रायव्हरची बोटं पाहिली. काळीकुट्ट होती, पण नखांतसुद्धा लाल नव्हतं. ह्यांचीही पाहून घेतली, उगाच कशाला सोडा. मग ओट्यावर सासऱ्यांना चहा नेऊन दिला.

ट्रक त्यांनीच आणलेला, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरेपर्यंत त्यांनीच चालवलेला. आता धड दिसत नव्हतं, तरी रोज ड्रायव्हरच्या शेजारी बसून खेपा करायचे. चहा पिऊन त्यांनी बशी खाली ठेवली. पांढऱ्या बशीवर लाल बोटं उमटली होती. त्यांना ती दिसली नाहीत.

सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लग्न झाल्यापासून माझा शब्द त्यांच्यापर्यंत सासूबाईंमार्फत जायचा, त्या गेल्यावर ह्यांच्यामार्फत. पण हे सांगायचं कुणामार्फत? ड्रायव्हर तर बांधापर्यंत पोचला होता.

पदर सावरून मी म्हणाले, "मामंजी, हात धुऊन घ्या. कुंकू लागलंय."

त्यांनी बोटं अगदी डोळ्यांपाशी नेली. एकमेकांवर चोळली. वास घेतला.

"आरं, माघारी फिर," ते ड्रायव्हरच्या दिशेनं ओरडले. "नट म्या सैल केलाय." मग ह्यांच्याकडं तोंड करून हळूच म्हणाले, "गाडी गेल्यावं म्या दिसभर कुठं बसू?"

चोर सापडला होता, आणि मला मात्र रडू येत होतं.

हवा काढली, ट्रक सुरू झाला आणि विकला गेला. सोनईच्या माणसानं ड्रायव्हरलाही ठेवून घेतलं. मामंजी आपल्या जागेवर बसून सोनईपर्यंत पोचवायला गेले. वाटेत ट्रक पुन्हा बंद पडतो की काय, अशी मला शंका होतीच. पडला नाही.

संध्याकाळी ते एसटीनं परतले. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. तो हातात घेऊन ते पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलले.

"पोरी, ड्रायव्हरशेजारी बसू द्या म्हनलं, तर कंडक्टरनं पार मागं धाडलं."